प्रामाणिकपणा रक्तात नसतो, व्यवस्थेत असतो!

सिंगापूरच्या उच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी तेथील माजी वाहतूक मंत्री एस. ईश्वरन यांना बारा महिन्यांच्या कैदेची शिक्षा सुनावली आणि चारच दिवसांत त्यांची रवानगी तुरुंगात झाली. या मंत्र्याने घेतले तरी काय होते? मोटारींच्या शर्यतीची तिकिटे, नाटकांची आणि फुटबॉल सामन्यांची तिकिटे, दारूच्या बाटल्या, एक सायकल आणि एका उद्योगपतीच्या खर्चाने दोह्याची सफर. सुमारे सात वर्षांत घेतलेल्या या सगळ्याची किंमत चार लाख सिंगापूर डॉलरच्या थोडी वर भरली. आमच्याकडे एखाद्या मंत्र्याने एवढेच घेतले असते तर लोकांनी त्याला साधा माणूस म्हणून हार घातला असता! सिंगापूरमध्ये सरकारी वकिलांनी सहा ते सात महिन्यांची कैद मागितली होती. न्यायाधीशांनी त्याहून जास्त दिली. पद जितके मोठे तितका दोष मोठा, हे त्यांचे सूत्र होते.

ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनल या संस्थेच्या २०२४ च्या निर्देशांकात १८० देशांत सिंगापूर तिसऱ्या क्रमांकावर आहे, १०० पैकी ८४ गुण मिळवून. भारत ३८ गुणांसह ९६ व्या क्रमांकावर आहे. हा निर्देशांक तज्ज्ञ आणि व्यावसायिक यांच्या मतांवर तयार होतो, गोरगरिबांना विचारून नाही, हे ध्यानात ठेवूनच तो वाचला पाहिजे. तरीही दोन देशांमधले एवढे मोठे अंतर मतामतांच्या फरकाने पडत नाही. मग हे अंतर कशामुळे पडले? तेथली माणसे जन्मानेच प्रामाणिक आणि आम्ही जन्मानेच लबाड, असे म्हणायचे काय? आमच्याकडे असे म्हणणारे पुष्कळ आहेत. 'हे आपल्या रक्तातच आहे' हे वाक्य चहाच्या टपरीपासून विद्यापीठाच्या व्यासपीठापर्यंत ऐकू येते. जन्मावरून माणसाचे शील ठरवण्याच्या या सवयीशी आमच्या चळवळीचे भांडण जुने आहे. म्हणूनच सिंगापूरचे उदाहरण आम्ही येथे सविस्तर तपासणार आहोत.

पहिली गोष्ट अशी की सिंगापूर नेहमीच स्वच्छ नव्हते. ब्रिटिशांच्या काळात तेथे चहापाण्याशिवाय सरकारी काम हलत नसे. लाचेची चौकशी करण्यासाठी पोलीस खात्यातच एक शाखा होती. ऑक्टोबर १९५१ मध्ये पुंगोलच्या किनाऱ्यावर १,८०० पौंड अफूचा साठा लुटला गेला. त्याची किंमत सुमारे चार लाख डॉलर होती. लुटारूंच्या टोळीत कोण निघाले? तीन पोलीस डिटेक्टिव्ह! चोर पकडणारेच चोरांच्या टोळीत सापडले, आणि त्यांची चौकशी करायची कोणी? तर त्यांच्याच खात्यातल्या सहकाऱ्यांनी. हा खेळ चालणार नाही हे परक्या सरकारलाही उमगले. त्यातून १९५२ मध्ये पोलीस खात्याबाहेर एक स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली. तिचे नाव करप्ट प्रॅक्टिसेस इन्व्हेस्टिगेशन ब्युरो, म्हणजे भ्रष्ट व्यवहारांचा तपास करणारा ब्युरो.

पण ब्युरो स्थापन झाला म्हणून लाच थांबली नाही. कायदा दुबळा होता, माणसे थोडी होती, लोकांचा विश्वास नव्हता. १९५९ मध्ये ली कुआन यू यांचा पीपल्स ॲक्शन पार्टी हा पक्ष सत्तेवर आला. त्याच्या मंत्र्यांनी पांढरा सदरा आणि पांढरी पँट घालून शपथ घेतली. पांढऱ्या कपड्यांची कमतरता आमच्याकडेही कधी नव्हती! फरक पुढच्या वर्षी पडला. १७ जून १९६० रोजी तेथे भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा लागू झाला आणि ब्युरोच्या हातात खरी शस्त्रे आली.

या कायद्यातली कलमे प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घ्यावीत अशी आहेत. सरकारी नोकराने लाच घेतली हे सिद्ध झाले की ती वाईट हेतूने घेतली असे गृहीत धरले जाते. तसे नव्हते हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीची. ज्या कामासाठी पैसे घेतले ते काम करण्याचा अधिकारच नव्हता, किंवा ते काम केलेच नाही, असा बचाव चालत नाही. या धंद्यात अशी देण्याघेण्याची रीतच आहे, असा पुरावा न्यायालय ऐकूनच घेत नाही. म्हणजे आमच्याकडची दस्तुरी, चहापाणी, दिवाळी यांतले एकही नाव तेथे ढाल होऊ शकत नाही. आरोपीची मालमत्ता त्याच्या उत्पन्नाशी जुळत नसेल तर न्यायालय ती गोष्ट पुराव्याला बळकटी देणारी म्हणून विचारात घेऊ शकते. शिक्षेसोबत लाचेची रक्कम सरकारजमा करावी लागते. सिंगापूरच्या नागरिकाने परदेशात लाच घेतली तरी घरी परतल्यावर तो सुटत नाही. आणि हा कायदा केवळ सरकारी नोकरांना नाही, खासगी कंपन्यांतल्या माणसांनाही लागू आहे.

आता कोणी म्हणेल की असे कायदे आमच्याकडे नाहीत म्हणून आम्ही मागे पडलो. हेही खरे नाही. ईश्वरन यांच्यावर सुरुवातीला लाच घेतल्याचे दोन आरोप होते. पुढे सरकारी वकिलांनी ते बदलले आणि शेवटी चार आरोप सिंगापूरच्या दंड संहितेच्या कलम १६५ खाली टिकले. हे कलम काय सांगते? आपल्या सरकारी कामाशी ज्याचा संबंध आहे अशा माणसाकडून सरकारी नोकराने मोबदला न देता मौल्यवान वस्तू घेणे हाच गुन्हा. त्या बदल्यात काही काम करून दिले हे सिद्ध करण्याची गरज नाही. हे कलम सिंगापूरमध्ये आले कुठून? आमच्याकडून! सिंगापूर ज्या स्ट्रेट्स सेटलमेंट्स वसाहतीत होते तिचा कारभार १८६७ पर्यंत कलकत्त्याहून चाले आणि तिची दंड संहिता १८६० च्या भारतीय दंड संहितेवरूनच घेतली गेली. भारतीय दंड संहितेतही ते कलम १६५ च होते. १९८८ च्या आमच्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात तेच कलम ११ म्हणून आले आणि आजही आहे. उच्चपदस्थांना महागड्या भेटी देणारे येथे काय कमी आहेत? पण या कलमाची भीती कोणाला वाटते? कलम एकच, मूळ एकच. तेथे त्याने मंत्री तुरुंगात जातो, येथे ते पुस्तकात पडून राहते.

माणसांचेही तसेच. सिंगापूरचे नागरिक प्रामुख्याने चिनी, मलय आणि भारतीय वंशाचे आहेत. भारतीयांत तमिळ भाषक सर्वाधिक. तामिळनाडूच्या एखाद्या गावातून एक भाऊ सिंगापूरला गेला आणि दुसरा गावात राहिला, अशी कुटुंबे हजारो आहेत. एकाच आईची ही दोन लेकरे. तेथला भाऊ सरकारी खिडकीवर पैसे देत नाही, येथल्याला द्यावे लागतात. रक्त तेच, मग फरक कशाचा? फरक खिडकीच्या आतल्या व्यवस्थेचा आहे.

ही व्यवस्था नेमकी काय आहे? ब्युरो पंतप्रधान कार्यालयाच्या अखत्यारीत आहे, पोलीस खात्याच्या किंवा गृहमंत्र्याच्या नाही. मग पंतप्रधानांनीच चौकशी अडवली तर? यासाठी १९९१ मध्ये तेथील राज्यघटनेत २२-जी हे कलम घालण्यात आले. पंतप्रधानांनी परवानगी नाकारली तरी ब्युरोचा संचालक राष्ट्रपतींची संमती घेऊन चौकशी पुढे नेऊ शकतो. खटला भरण्याचा अधिकार मात्र ब्युरोला नाही. तपास ब्युरोने करायचा, खटला भरायचा की नाही हे सरकारी अभियोक्त्याने ठरवायचे, शिक्षा न्यायालयाने द्यायची. तीन हात, तिन्हींचे काम वेगळे. सगळा अधिकार एकाच्या मुठीत गेला की तो हात कितीही स्वच्छ असला तरी मळतो, हे संविधान मानणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

या यंत्रणेची खरी ताकद तिच्या निश्चितपणात आहे. लहान म्हणून सोडत नाही आणि मोठा म्हणून थांबत नाही. २०१८ मध्ये ब्युरोने दोन फोर्कलिफ्ट चालकांवर आरोप ठेवले. त्यांनी काय केले होते? ट्रकवाल्यांची खोळंबा न करता कामे करून देण्यासाठी एकेक डॉलर घेतला होता. हे चालक मजूर होते, बाहेरून पोटासाठी आलेले. एक डॉलरसाठी गरिबाला न्यायालयात उभे करणारे हे कसले राज्य, असा प्रश्न आमच्या वाचकांच्या मनात येईल आणि तो रास्त आहे. एक डॉलरवाल्याला पकडून कोट्यधीशाला सोडणारे राज्य असते तर आम्हीही त्याचा निषेधच केला असता. पण तेथे मंत्र्यांचा हिशेबही त्याच वहीत लिहिला गेला आहे.

१९७५ मध्ये पर्यावरण खात्याचे राज्यमंत्री वी टून बून यांना शिक्षा झाली. एका बांधकाम व्यावसायिकाने त्यांच्या कुटुंबाला परदेशाची फुकट सहल घडवली होती आणि बंगला मिळवून दिला होता. साडेचार वर्षांची शिक्षा अपिलात अठरा महिन्यांवर आली, पण तुरुंग चुकला नाही. १९७९ मध्ये सत्ताधारी पक्षाचे खासदार आणि देशातील सर्वांत मोठ्या कामगार महासंघाचे अध्यक्ष फे यू कोक यांच्यावर खटला झाला. ते जामीन तोडून पळाले आणि तब्बल ३५ वर्षे परदेशात लपून राहिले. शेवटी २०१५ मध्ये बँकॉकच्या दूतावासात त्यांनी शरणागती पत्करली. वय ऐंशीच्या पुढे गेले होते. तरीही २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना साठ महिन्यांची कैद दिली. १९८६ मध्ये राष्ट्रीय विकास मंत्री टेह चियांग वान यांच्यावर जमिनींच्या दोन प्रकरणांत प्रत्येकी चार लाख डॉलर घेतल्याचा आरोप आला. ते पंतप्रधानांचे जुने सहकारी. त्यांनी भेटीची वेळ मागितली. तपास संपेपर्यंत भेट नाही, असे पंतप्रधानांनी कळवले. खटला उभा राहण्यापूर्वीच डिसेंबर १९८६ मध्ये टेह यांनी आत्महत्या केली. एका माणसाचा असा शेवट ही आनंदाची गोष्ट नाही. पण आमच्याकडे आरोप झालेला नेता दुसऱ्या दिवशी कोणाच्या बंगल्यावर जातो आणि बाहेर येताना हसत का येतो, हे आठवून पाहावे.

ईश्वरन यांचे प्रकरण कसे उघडकीस आले तेही पाहण्यासारखे आहे. ब्युरो एका वेगळ्याच प्रकरणाचा तपास करीत होता. त्यात त्या उद्योगपतीच्या विमानातील प्रवाशांची यादी हाती लागली आणि यादीत मंत्र्याचे नाव निघाले. हे कळताच मंत्र्याने परतीच्या तिकिटाचे ५,७०० डॉलर घाईघाईने भरले. उशिरा भरलेले हे पैसे वाचवणारे ठरले नाहीत. उलट न्यायाच्या कामात अडथळा आणल्याचा पाचवा आरोप त्यातूनच उभा राहिला. अटक जुलै २०२३ मध्ये, आरोपपत्र जानेवारी २०२४ मध्ये, शिक्षा ऑक्टोबर २०२४ मध्ये. पंधरा महिन्यांत सगळे आटोपले. तिकिटे देणाऱ्या उद्योगपतीलाही ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने दंड केला. आमच्याकडे पंधरा महिन्यांत खटला चालवण्याची परवानगी मिळाली तरी नशीब म्हणायचे!

परंतु माणसे पकडणे हा या कामाचा अर्धाच भाग आहे. लाच मागण्याची संधीच कमी करणे हे ब्युरोचे दुसरे काम. सरकारी खात्यांच्या कामाच्या पद्धती तपासून कोठे पैसे खाण्यास जागा आहे ते दाखवून देणे, हे त्याच्या कर्तव्यांत येते. अधिकाऱ्याला कोणी भेट दिली आणि ती नाकारता आली नाही तर ती खात्याकडे जमा करायची. स्वतःकडे ठेवायची असेल तर सरकारने ठरवलेली किंमत मोजायची. आपण कर्जबाजारी नाही असे दरवर्षी लिहून द्यायचे, कारण कर्जात बुडालेला अधिकारी विकत घेणे सोपे असते. सरकारी खरेदीच्या निविदा २००० सालापासून संगणकावर सर्वांसाठी खुल्या. महालेखापरीक्षकाचा अहवाल दरवर्षी संसदेत आणि लोकांपुढे. ही कामे कंटाळवाणी आहेत. त्यांवर मोर्चे निघत नाहीत, त्यांची छायाचित्रे छापून येत नाहीत. पण लाच जगते ती अडवणुकीवर. ज्या खिडकीवर काम ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या शुल्कात आणि कोणाचे तोंड न पाहता होते, तेथे लाच मागायची कशासाठी?

आणि रखवालदारावर रखवाली कोणाची? २०१३ मध्ये खुद्द ब्युरोच्याच एका सहाय्यक संचालकावर आरोप ठेवण्यात आले. त्याने १७ लाख डॉलरहून अधिक सरकारी पैसा हडप केला होता आणि त्यातला बराचसा जुगारात घालवला होता. २०१४ मध्ये त्याला दहा वर्षांची कैद झाली. चार वर्षे ही चोरी कोणाच्या लक्षात आली नाही, हा ब्युरोच्या तोंडाला लागलेला डाग होता. पण हे प्रकरण दाबले गेले नाही. सरकारने ते स्वतः जाहीर केले आणि आरोपीला जाहीर न्यायालयात उभे केले. एवढेच नव्हे तर जुगाराच्या अड्ड्यांवर वारंवार जाणाऱ्या सरकारी नोकरांनी तसे लेखी कळवावे असा नियमही केला.

सिंगापूरविषयी आमच्याकडे एक समज फार लाडका आहे. तेथे मंत्र्यांना भरमसाट पगार असतात म्हणून ते खात नाहीत, असे सांगितले जाते. मंत्र्यांचे पगार बड्या व्यावसायिकांच्या कमाईशी जोडण्याचे धोरण १९९४ मध्ये ठरले, हे खरे. २०१२ मध्ये लोकांच्या नाराजीमुळे त्यात मोठी कपात झाली, तरी नव्या मंत्र्यालाही वर्षाला सुमारे अकरा लाख डॉलर मिळत राहिले. पण ईश्वरन यांना हाच पगार होता ना? तिकिटे विकत घेण्याची त्यांची ऐपत नव्हती काय? पोटाची भूक पगाराने भागते, फुकटाची भूक भागत नाही. शिवाय फे आणि टेह यांची प्रकरणे ज्या कारवाईने उघड झाली ती १९९४ च्या आधीच सुरू झालेली होती. तेव्हा आमदार-खासदारांनी आपले वेतन वाढवून घेताना कृपा करून सिंगापूरचे नाव घेऊ नये.

मात्र सिंगापूरचे गोडवे गाऊन आम्ही थांबणार नाही. तेथे १९५९ पासून एकाच पक्षाची सत्ता आहे. वृत्तपत्रांवर सरकारचा वचक आहे. नागरिकाला माहिती मागण्याचा हक्क देणारा कायदा नाही. २०२३ मध्ये दोन मंत्र्यांनी भाड्याने घेतलेल्या सरकारी बंगल्यांवरून प्रश्न उठले. ब्युरोने चौकशी करून गैर काही आढळले नसल्याचे सांगितले. ते खरे असेलही. पण पंतप्रधानांच्या हाताखालच्या यंत्रणेने पंतप्रधानांच्या सहकाऱ्यांची चौकशी करायची, हा आक्षेप तेथल्या टीकाकारांनी घेतलाच. दुसरे प्रकरण अधिक बोचणारे आहे. केपेल या तेथल्या बड्या उद्योगसमूहातील जहाजबांधणी कंपनीने ब्राझीलमध्ये सुमारे साडेपाच कोटी अमेरिकन डॉलरची लाच वाटल्याचे २०१७ मध्ये मान्य केले आणि कंपनीला ४२ कोटी डॉलरहून अधिक दंड भरावा लागला. पण तिच्या सहा माजी उच्चाधिकाऱ्यांना जानेवारी २०२३ मध्ये केवळ कडक समज देऊन सोडण्यात आले. पुरावा अपुरा आणि साक्षीदार परदेशात, असे कारण देण्यात आले. एक डॉलरवाला मजूर न्यायालयात आणि कोट्यवधींची लाच वाटणाऱ्या कंपनीचे अधिकारी घरी! म्हणजे जिथे यंत्रणेचा हात तोकडा पडला, तिथे सिंगापूरही आमच्यासारखेच दिसू लागते. आमचा मुद्दा यातून उलट पक्काच होतो. स्वच्छता कोणाच्या अंगी उपजत नसते. जेवढी राखावी तेवढीच ती राहते.

आता आमच्या घराकडे वळू. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभाग आहे. त्यात पोलीस खात्यातूनच अधिकारी येतात आणि तो गृह खात्याच्या अखत्यारीत चालतो. ज्या रचनेतून सिंगापूर १९५२ मध्ये बाहेर पडले, त्याच रचनेत आम्ही अजून आहोत. हा विभाग सापळे लावतो, तलाठी, ग्रामसेवक, हवालदार यांना रंगेहाथ पकडतो. ते योग्यच आहे. पण २०१८ मध्ये भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात १७-अ हे कलम घालून एक भिंत बांधली गेली. सरकारी नोकराने घेतलेल्या निर्णयाबद्दल किंवा केलेल्या शिफारशीबद्दल चौकशी करायची तर आधी सरकारची परवानगी हवी. लाच घेताना जागेवर पकडलेल्याला हे संरक्षण नाही. याचा अर्थ उघड आहे. पाचशे रुपये हातात घेणारा कारकून भिंतीच्या बाहेर आणि फाईलवर सही करून कोट्यवधींची जमीन फिरवणारा भिंतीच्या आत. प्रामाणिक अधिकाऱ्याला खोट्या तक्रारींपासून वाचवण्यासाठी हे केले, असे सांगितले जाते. ती काळजी योग्य आहे. पण परवानगी देणारा तोच, ज्याच्या घरचे प्रकरण आहे, हा कोणता न्याय? सिंगापूरने या प्रश्नावर निदान दुसरा दरवाजा तरी ठेवला आहे.

या भिंतीची किंमत कोण मोजतो? श्रीमंताला लाच म्हणजे धंद्यातला एक खर्च. गरिबाला लाच म्हणजे हक्काची विक्री. जात पडताळणीचा दाखला, शिष्यवृत्ती, घरकुल, निराधाराचे अनुदान, रेशनकार्ड या गोष्टी संविधानाने आणि कायद्याने ज्यांच्या पदरात टाकल्या, त्यांनाच त्या खिडकीवर पुन्हा विकत घ्याव्या लागतात. म्हणून भ्रष्टाचार हा मध्यमवर्गाच्या मेणबत्त्यांचा विषय नाही, तो आमचा विषय आहे.

येथे दोन चुकीच्या वाटांपासून सावध राहिले पाहिजे. जानेवारी २०१३ मध्ये जयपूरच्या साहित्य महोत्सवात एका नामवंत समाजशास्त्रज्ञाने भ्रष्ट लोकांत मागासवर्गीयांचे प्रमाण जास्त असल्याचे विधान केले. पुढे त्यांनी आपल्या म्हणण्याचा विपर्यास झाल्याचे सांगितले. पण ते विधान ऐकून ज्यांनी माना डोलावल्या त्यांच्या मनात काय होते ते लपले नाही. भ्रष्टाचाराला जात चिकटवण्याची ही पहिली वाट. दुसरी वाट आमच्या अंगणात आहे. मातंग समाजाच्या उन्नतीसाठी असलेल्या अण्णाभाऊ साठे महामंडळात मोठा गैरव्यवहार झाल्याचा गुन्हा २०१५ मध्ये दाखल झाला आणि माजी अध्यक्षाला अटक झाली. त्या खटल्याचा निवाडा न्यायालयाच्या हाती. पण असे काही घडले की 'आपला माणूस आहे, मुद्दाम गोवले' असे म्हणत धावणारे लोक आमच्यात निघतात, हे नाकारता येणार नाही. मुद्दाम गोवले जातही असेल; त्याचा फैसला पुराव्याने व्हावा, नात्याने नाही. पहिले लोक जन्म पाहून दोषी ठरवतात, दुसरे जन्म पाहून निर्दोष ठरवतात. दोघेही जन्मच मोजतात! जात मोजून शील ठरवणे आम्ही नाकारले असेल तर जात मोजून अभय देणेही नाकारले पाहिजे. महामंडळाचा पैसा खाणारा कोणत्याही जातीचा असो, तो त्या वस्तीतल्या पोराच्या ताटातला घास काढून घेतो.

एका बाबतीत आम्ही सिंगापूरच्या पुढे आहोत. माहितीचा अधिकार आमच्याकडे २००५ पासून देशभर आहे आणि महाराष्ट्राने तर त्याआधीच स्वतःचा कायदा केला होता. हा अधिकार वापरणाऱ्या तळेगावच्या सतीश शेट्टींची जानेवारी २०१० मध्ये हत्या झाली, यावरूनच या शस्त्राची धार किती आहे ते कळते. तेथे वरून देखरेख आहे, खालून हक्क नाही. आमच्याकडे खालून हक्क आहे, वरून इच्छा नाही. दोन्ही एकत्र आले तर काय होईल, याचाच सत्ताधाऱ्यांना धाक आहे.

तेव्हा चळवळीने मागण्याही नेमक्या केल्या पाहिजेत. लाचलुचपत प्रतिबंधक विभाग पोलीस आणि गृह खात्याच्या बाहेर काढा. चौकशीची परवानगी सरकारने नाकारली तर ती लोकायुक्तांसारख्या स्वतंत्र पदाकडे मागता आली पाहिजे. खटल्याला मुदत घाला. दाखला, शिष्यवृत्ती आणि घरकुलाच्या प्रत्येक अर्जाची तारीख आणि तो कोणत्या टेबलावर किती दिवस पडला हे कार्यालयाच्या दारावर लावा. आणि तोपर्यंत कार्यकर्त्यांनी वस्तीवस्तीत एवढे तरी सांगावे: लाच मागितली तर १०६४ हा क्रमांक आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो, पण ज्याला ती देणे भाग पडले त्याने सात दिवसांच्या आत तक्रार केली तर कायदा त्याच्या बाजूने आहे. ही सात दिवसांची गोष्ट आमच्या किती बांधवांना ठाऊक आहे?

सिंगापूरने हे साधले ते साधूसंतांच्या बळावर नाही. सामान्य, लोभी, चुकणाऱ्या माणसांनाच घेऊन त्यांनी यंत्रणा उभी केली आणि ती आपल्याच मंत्र्यावर चालू दिली. आम्हालाही देवमाणसांची वाट पाहण्याची गरज नाही. कायद्याची कलमे आमच्याकडे आहेत, माहितीचा हक्क आहे, मताचा अधिकार आहे. उणीव एकाच गोष्टीची आहे: आपल्या माणसालाही हिशेब विचारण्याची. तो विचारायला सुरुवात आपल्या वस्तीतल्या खिडकीपासून करू या!